गॅसची गाडी आणि वीस हजार किलोमीटर

अंगणात उभ्या गाडीपाशी हुंग्याच्या नळीच्या टोकावरचा दिवा गौरजाच्या खांद्याच्या उंचीवर हिरवा होता. गुडघ्यापाशी तो पिवळा झाला आणि फरशीपासून चार बोटांवर लाल. तिने नळी पुन्हा वर नेली. हिरवा. खाली आणली. लाल.

हुंग्या हा बादलीएवढा, तीन चाकांचा यंत्रमानव. गौरजाचे आजोबा गॅसच्या टाक्या तपासणाऱ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. तिथे जुना झाला म्हणून काढून टाकलेला हुंग्या त्यांनी घरी आणला. हवेत कोणता वायू किती आहे, हे हुंगून सांगणे एवढेच त्याचे काम.

"तुझं नाक बिघडलंय का रे?" गौरजाने विचारले.

"नाही. गॅस जमिनीलगत आहे," हुंग्या म्हणाला. "कोणतंही बटण दाबू नकोस. गाडीतल्या माणसाला बाहेर काढ."

गाडीत आजोबा बसले होते. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती, त्यामुळे आठवड्यातून तीनदा रक्त यंत्रातून गाळून घ्यायला त्यांना अहमदपूरहून लातूरला जावे लागे. आताही तिकडेच निघायचे होते. गौरजाला सडक्या कांद्यासारखा बारीक वास आला. आजोबांना काहीच जाणवत नव्हते. आजाराने त्यांचे नाक केव्हाच निकामी केले होते. तिने दार उघडून त्यांचा हात धरला. तेवढ्यात तिची आई महादेवी चावी घेऊन आली.

"आई, गाडी सुरू करू नकोस!"

आवाजच असा होता की आई जागीच थांबली. दोघींनी आजोबांना अंगणापलीकडे, रस्त्याजवळच्या बाकावर बसवले. हुंग्याच्या मोटारीची ठिणगी बाहेर पडत नसे, म्हणून आत तोच गेला. त्याने यांत्रिक हाताने डिकी उघडली. आत गोधडीत गुंडाळलेला स्वयंपाकाचा सिलिंडर आडवा पडला होता. त्याची रबरी नळी मागच्या सीटखालून पुढे नेली होती. हुंग्याने झडप बंद केली.

आईने दवाखान्यात उशिरा येत असल्याचे कळवले आणि मग आपल्या धाकट्या भावाकडे पाहिले. बसवराजमामा घराच्या दारात उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"बसू, हे तू केलंस?"

"काल बसवून आणला. आज सांगणारच होतो." मामा अडखळला. "पेट्रोल परवडत नाही, ताई. विजेच्या गाडीसाठी नाव लावून दोन वर्षं झाली. मोंढ्याच्या बाजारामागं अर्ध्या तासात जोडून देतात. सगळेच करतात."

"सगळे करतात आणि त्यातले काही जळतात," आजोबा म्हणाले. त्यांना अजून दम लागत होता. "गौरजा, दिवा खालीच लाल का झाला, सांग."

"गॅस हवेपेक्षा जड आहे म्हणून?"

"बरोबर. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन वायूंचं मिश्रण. हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. गळला की उडून जात नाही, पाण्यासारखा खोलगट जागेत साचतो. डिकीत साचतो, सीटखाली साचतो. त्याला स्वतःचा वासही नसतो. तुला आला तो गंधद्रव्याचा (गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या पदार्थाचा). आई चावी फिरवणार होती, तिथं एक ठिणगी पुरली असती."

आईने हातातली चावी पदराच्या गाठीत बांधली.

"पण गॅसवर गाड्या चालतातच की, अप्पा," मामा हळूच म्हणाला.

"चालतात. त्यांची टाकी वेगळी असते. ती ऐंशी टक्के भरली की आपोआप भरणं थांबतं, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. नळी तुटली तर झडप स्वतः मिटते. झडपांवर घट्ट पेटी असते, गळलेला गॅस तिच्यातून गाडीबाहेर जातो. तुझा सिलिंडर उभा ठेवून वापरायचा, म्हणजे वरून वायू येतो. आडवा केला की थेट द्रव येतो, आणि एका लिटर द्रवाचा अडीचशे लिटर वायू होतो. म्हणून तर नियम आहेत. आपल्या गाडीच्या नमुन्यासाठी मंजूर झालेलाच संच (गॅस किट), तोही परवाना असलेल्या केंद्रातून बसवायचा. त्याची नोंद आरटीओकडे गाडीच्या नोंदणीत करायची, विमा कंपनीला कळवायचं, दर पाच वर्षांनी टाकी तपासायची. घरगुती सिलिंडर गाडीत जोडणं हा गुन्हा आहे."

"मग दिवाळीपासून मी तेच म्हणतेय!" आई एकदम बोलली. "मंजूर संच बसवू. दरवेळी तुमचं 'बघू'. अप्पा, तुम्ही 'बघू' म्हणालात म्हणून हा मोंढ्यात गेला."

आजोबांनी मान खाली घातली.

"महाग पडतं का?" गौरजाने विचारले.

"संच आणि बसवणावळ मिळून ऐंशी हजार," आजोबा म्हणाले.

"पण गॅस पेट्रोलच्या निम्म्या किमतीत मिळतो. म्हणजे खर्च निम्मा?"

"नाही. एका लिटर गॅसमध्ये ऊर्जा कमी असते, त्यामुळे तेवढ्याच अंतराला लिटर जास्त लागतात. लिटरची नाही, किलोमीटरची तुलना करायची. पेट्रोलवर किलोमीटरला दहा रुपये, गॅसवर सहा."

"चार वाचतात. ऐंशी हजार भागिले चार... वीस हजार किलोमीटर."

"त्याला भरपाईबिंदू म्हणतात (जिथे घातलेला पैसा वसूल होतो आणि पुढे खरी बचत सुरू होते ती जागा)."

गौरजाने मातीत बोटाने आकडे लिहिले. लातूरची एक फेरी एकशेतीस किलोमीटर, आठवड्याला तीन, जवळपास चारशे. वीस हजार भागिले चारशे. "पन्नास आठवडे! वर्षभरसुद्धा नाही. मग अडतंय कुठं?"

आजोबांनी त्या आकड्याकडे बोट दाखवले. "पन्नास आठवडे मी असेन का, हे मला माहीत नाही, बाळा. माझ्यासाठी तुम्ही ऐंशी हजार घालायचे, आणि मी मधेच..."

आईने तोंड फिरवले. गौरजा मात्र कपाळाला आठ्या घालून आकडे पुन्हा वाचत होती.

"पण आजोबा, तुम्ही नसलात तरी गाडी चालणारच ना?"

"गौरजा!" आई ओरडली.

"तसं नाही गं! संच गाडीला बसतो, आजोबांना नाही. आई बँकेत जाईल तेही किलोमीटरच. मामा बाजारात जाईल तेही. वीस हजार गाडीचे पुरे करायचेत, आजोबांचे नाहीत. मी तेरा वर्षांची आहे. टाकीची पहिली तपासणी येईल तेव्हा मला लायसन मिळालेलं असेल. मीच नेईन गाडी." मग तिने आजोबांचा हात धरला. "आणि तुम्ही शेजारी बसा."

मामाने नाक ओढले. आजोबांच्या छातीतून एक विचित्र आवाज आला. ते हसत होते, हे कळायला सगळ्यांना क्षण लागला.

"चाळीस वर्षं प्रयोगशाळेत दुसऱ्यांचे हिशोब तपासले," ते म्हणाले, "आणि स्वतःच्या भागाकारात भाजक चुकीचा धरला. फेऱ्या गाडीच्या मोजायच्या सोडून माझ्या मोजत बसलो."

आतून हुंग्याने हाक दिली, "गॅस शून्य. तळाशीही शून्य."

आजोबांनी बाकावर हात टेकवला आणि उभे राहिले. आई आधाराला धावली. त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिले.

"बसू, ते सगळं आजच्या आज उतरव. आणि महादेवी, केंद्रात नंबर लाव. गाडीला गॅस बसवायचा."