कुणाच्या ओळखीनं?

"आवं बाई, उतरा! खाली उतरा म्हन्तो न्हवं!"

विजयमालेनं ब्रेक दाबले खरे, पण हस्ताच्या पावसानं माळावरची वाट पार निसरडी झाली होती. सायकल घसरत गेली ती थेट फाटकाच्या आडव्या बांबूपाशी, ओरडणाऱ्या त्या शिपायाच्या बुटाला पुढचं चाक टेकवूनच थांबली.

शिपाई काही मागे सरला नाही. त्यानं आधी चाकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. उंच, सावळा, बाहीवर दोन फिती, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

"बुटावर आनलीत की सायकल."

"तुमी वाटंत उभं कशाला ऱ्हाताय?"

"पगारच त्येचा मिळतो मला."

लढाईचं पाचवं वर्ष चालू होतं. उंब्रजच्या पुढच्या माळावर लष्करानं छावणी टाकली, सभोवती काटेरी तार ओढली आणि पलीकडच्या गावाला जाणारी पिढ्यान्‌पिढ्यांची वाट त्या तारेच्या आत गेली. तरी इतके दिवस कुणी कुणाला अडवत नव्हतं. पण मागच्या आठवड्यात भूमिगत पोरांनी छावणीच्या टेलिफोनच्या तारा तोडल्या, अन् पळताना त्यातला एक म्हणे सायकलवर दिसला. झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी, तसा सगळा राग सायकलवाल्यांवर निघाला. फाटकावर नवी पाटी लागली. सायकलस्वारानं उतरावं. छावणीतल्या ज्या शिपायाची ओळख असेल त्याचं नाव मोठ्यानं सांगावं. त्याच शिपायानं सायकल हातात धरून, माणसाला बरोबर घेऊन पलीकडच्या फाटकापर्यंत पोचवावं. वाटेत थांबू नये.

विजयमालेनं पाटी वाचली. ती पलीकडच्या गावात मुलींच्या शाळेवर बाई होती. सायकल तिच्या भावाची, सयाजीची. तो पलटणीबरोबर दूर इटलीत गेला आणि ती दांडीची सायकल भिंतीला टेकून राहिली. विजयमालेनं एक दिवस काष्टा आवळला आणि टांग मारली. गाव चार दिवस बोललं, पाचव्या दिवशी थकलं. आता नदीकडच्या वाटेनं जायचं तर दुप्पट अंतर आणि गुडघाभर चिखल. शाळा हमखास चुकणार, आणि बाई सायकलवरून येते हे ज्यांच्या डोळ्यांत खुपत होतं, त्या पंचांना आयतंच कोलीत मिळणार.

फाटकापाशी खुर्ची टाकून एक गोरा सार्जंट बसला होता. तांबड्या मिशीचा, कोरड्या चेहऱ्याचा. त्यानं मान वर न करताच विचारलं, "किसका पहचान?"

"कुनाच्या वळखीनं जानार, त्ये इचारतोय," दोन फितीवाला म्हणाला. "हाय का कोन वळखीचं?"

"न्हाई."

"मग जाता येनार न्हाई, बाई."

विजयमालेनं त्याला नीट न्याहाळलं. "तुमचं नाव काय?"

"माजं? नाईक नाथाजी. गाव शिराळा."

ती वळली आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात सार्जंटला म्हणाली, "नाईक नाथाजी, गाव शिराळा, यांच्या ओळखीनं!"

सार्जंटनं हात हलवला. बांबू वर गेला. नाथाजी मात्र आ वासून उभा.

"आवं, पर आपली वळख झाली कवा?"

"आत्ताच की," ती म्हणाली. "धरा सायकल. शाळा भरंल माझी."

*

तेव्हापासून रोज सकाळी माळावर हाक घुमायची — "नाईक नाथाजी, शिराळा!" पहाऱ्यावर असो की नसो, ज्याचं नाव घेतलं त्याला यावंच लागे. एकदा तर तो अर्धी दाढी झालेली, एका गालावर साबण तसाच, असा धावत आला. विजयमाला मैलभर गालातल्या गालात हसत होती.

"हसा, हसा," तो म्हणाला. "लढाईत मानसं गोळीनं मरत्यात, मी सायकल ढकलून मरनार."

"मग दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ?"

"घ्या की."

"घेऊ?"

सायकल जरा जास्तच घट्ट धरली त्यानं.

सायकल मधे, एकीकडे तो, दुसरीकडे ती. असा तो रस्ता. दोन्ही बाजूंना तंबू, कुठे भांडी घासायचा आवाज, कुठे कवायतीची आरोळी. पाऊस आला तर आडोशाला उभं राहायची सोय नाही, कारण वाटेत थांबू नये असा नियम. मग दोघंही भिजत चालायची. आणि गंमत अशी, की पाऊस जितका जोराचा तितका नाथाजी हळू चाले!

"पाय दुखतात का?" ती विचारायची.

"चिखल हाय."

"इथं तर खडी आहे."

"असंल... माजं ध्यान न्हवतं."

मागून गुंडा गवळी यायचा. त्याच्या सायकलीला दुधाचे दोन कॅन, आणि त्याची ओळख हवालदार अर्जुनाची. हवालदार त्याची सायकल अशी पळवायचा की निम्मं दूध रस्त्याला. एक दिवस गुंडा न राहवून ओरडलाच, "नाईक! आमच्या सायकलीला मार खानाऱ्या म्हशीगत हाकत्यात, आन बाईंच्या सायकलीला चुचकारत चाललाय व्हय?"

नाथाजीचे कान तांबडे झाले. विजयमालेनं पदर सावरला आणि मुद्दाम तंबूंकडे पाहिलं.

एकदा तिनं विचारलं, "शिराळ्यात म्हणं नागपंचमीला खराखुरा नाग हातानं धरतात. तुमीबी धरला हाय?"

"लय येळा. बारका हुतो तवापासनं."

"भ्या नाही वाटत?"

"नागाचं न्हाई वाटत." त्यानं नजर चाकाकडे वळवली. "फाटकावर तुमी नाव घेता न्हवं... तवा वाटतं."

शाळा तपासनीसासमोरही जिला शब्द कमी पडला नव्हता, तिनं पदराला बांधलेल्या उकडलेल्या शेंगा सोडून मूठभर त्याच्यापुढे धरल्या. त्याचे दोन्ही हात सायकलीला. मग तीच एकेक शेंग फोडून दाणे दांडीवर ठेवायला लागली आणि तो एका हातानं उचलून खायला लागला. तेवढ्यात चाक एका खड्ड्यात गेलं, सायकल कलली, आणि ती सावरायला दोघांचे हात हँडलच्या एकाच मुठीवर पडले. दाणे सगळे खाली सांडले. हात मात्र लगेच निघाले नाहीत.

विजयमालेला त्याच क्षणी कळलं, की आपल्याला हा माणूस आवडतो. चांगलाच आवडतो. पण तिनं तो विचार तिथेच दाबला, कारण घरी आई होती.

वडील मागेच गेलेले. आई, बनुबाई, रोज दिवस मावळायच्या आत उंबऱ्यावर येऊन बसायची आणि टपालवाल्याच्या वाटेला डोळे लावायची. सयाजीचं पत्र आलं की त्या दिवशी घरात चूल नीट पेटायची. नाही आलं की भाकरी करपायची. शेजारच्या लीलाबाईनं एकदा पलटणीतल्या कुणाचं स्थळ सुचवलं, तेव्हा बनुबाईनं तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं होतं. "एक पोरगं दिलंया सरकारला. आता जावई देनार न्हाई. माज्या लेकीनं असं वाटंकडं बघत बसायचं न्हाई!"

हे विजयमालेनं ऐकलं होतं, आणि तिला ते पटलंही होतं.

*

दिवाळीच्या सुट्टीला थोडे दिवस उरले असताना, एका सकाळी नाथाजी नेहमीपेक्षाही हळू चालत होता. तिनं थट्टा केली, तरी हसला नाही.

"हुकूम आलाय," तो म्हणाला. "ब्रह्मदेशात. उद्या सकाळी लॉऱ्या सुटत्यात, मसूर टेसनावरनं पुढं गाडी."

चाकाचा कुईकुई आवाज तेवढा येत राहिला.

"बाई... एक इचारायचं हुतं. रागावनार न्हाई न्हवं?"

"विचारा."

"मी परत येस्तवर... माजी वाट बघाल का?"

वाट! नेमका तोच शब्द. तिच्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली. पलीकडचं फाटक आलं. तिनं सायकल हातात घेतली, टांग मारली आणि काही न बोलता निघून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाहिलं असतं तर निघता आलं नसतं.

त्या दिवशी शाळेत तिनं पोरींना एकच पाढा तीनदा म्हणायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकाशी आली तेव्हा आत लॉऱ्यांची रांग उभी होती. बिछाने, बंदुका, पोरंच पोरं. पहिल्याच लॉरीत मागच्या फळीला टेकून नाथाजी बसला होता. तिला पाहून तो उठू लागला आणि पुन्हा बसला.

"किसका पहचान?" सार्जंटनं विचारलं.

विजयमालेनं तोंड उघडलं. नाव रोजचंच. इतके दिवस माळभर ऐकू जाईल असं घेतलेलं. पण आज ते ओठांवर येईना. नकळत तिनं पदर डोक्यावर ओढला.

"नाम बोलो!"

मागे गुंडा, त्याच्या मागे आणखी दोन सायकली. आत लॉऱ्यांचे ड्रायव्हर भोंगे वाजवायला लागले, कारण बांबू एकच आणि नियम असा की आधीचा माणूस निकालात निघाल्याशिवाय तो वर जायचा नाही.

"बाई, दूध नासंल माजं," गुंडा कुजबुजला. "ते नको असंल तर आमच्या हवालदाराचं नाव घ्या, पर कायतरी बोला!"

तिनं मान हलवली. दुसऱ्याचं नाव तर मुळीच नाही. आणि मग तिचं तिलाच उमगलं, नाव का येत नाही ते. आईनं कधी वडिलांचं नाव घेतलं नव्हतं. आळीतल्या एकाही बाईनं आपल्या धन्याचं नाव असं उघडं, चारचौघांत घेतलं नव्हतं. रात्रभर ती विचार करत बसली, हो म्हणावं की नाही. आणि इकडे जीभ कधीच ठरवून मोकळी झाली होती!

"नाम नहीं तो गेट नहीं," सार्जंट म्हणाला आणि नदीच्या वाटेकडे बोट केलं.

आता परत फिरलं की संपलं. लॉऱ्या निघून जातील, आणि लॉरीतला तो माणूस आपल्याला नाही म्हटलं असं समजून ब्रह्मदेशात जाईल. विजयमालेनं मान वर केली. नाव उघडं घेता येत नसलं, तरी बायका ते कसं घेतात हे तिला ठाऊक होतंच की! तिनं सरळ पहिल्या लॉरीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"काटेरी तारेचा छावणीला वेढा,
नाथाजीरावांचं नाव घेते, फाटक आता सोडा!"

क्षणभर भोंगेसुद्धा थांबले. मग लॉऱ्यांतून अशी आरोळी उठली की माळावरची कावळ्यांची शाळा उडाली. कुणी टोप्या उडवल्या, कुणी फळ्या बडवल्या. नाथाजी उभा होता, हसत होता, आणि बाहीनं डोळे पुसत होता, सगळं एकदमच.

"क्या बोला?" गोंधळलेला सार्जंट गुंडाला विचारू लागला.

गुंडानं दोन्ही हातांनी हार घातल्याची खूण केली. "साहेब, शादी! शादी!"

सार्जंटनं घड्याळ पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि लॉरीकडे बोट दाखवून नाथाजीला खाली बोलावलं. ज्याचं नाव, त्यानंच सायकल पोचवायची. नियम म्हणजे नियम. लॉरी वळसा घालून पलीकडच्या फाटकाशी येऊन थांबणार होती.

त्या दिवशी सायकल दोघांनीही धरली होती, एकेक मूठ.

"घरात काय म्हनतील?" त्यानं विचारलं.

"घरचं मी बघते. तुमी लढाईचं बघा."

"आन वाट...?"

"बघीन की. पण परत यायचं. विनंती नाही ही, हुकूम आहे."

"व्हय, बाई."

"बाई म्हणायचं नाही आता."

"मग काय म्हनू?"

"ते आल्यावर सांगीन," ती म्हणाली. लॉरी आली. तो चढला आणि दिसेनासा होईतो हात हलवत राहिला. ती हललीच नाही. मग पदरानं तोंड पुसून शाळेला निघाली.

*

संध्याकाळी ती घरी पोचायच्या आत बातमी दुधाबरोबर पोचली होती. आई उंबऱ्यावर बसलेली.

"शिपाईच घावला व्हय तुला?"

"व्हय."

"मी काय सांगितलं हुतं?"

"सांगितलं होतंस आई. कळलंबी होतं मला."

"मग?"

"मग त्यांचं नावच घेता येईना झालं."

काहीतरी कडक बोलायचं म्हणून बनुबाईनं तोंड उघडलं, मिटलं. मग सरकून उंबऱ्यावर जागा केली आणि लेकीचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"सयाजीची वाट बघत बसतेच की हितं रोज," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "आता दोगांची बघू. उंबरा काय, त्योच हाय."