पत्र्यातली अक्षरं

गोदामाच्या दारात मी त्याला धडकले आणि त्याच्या डब्यातला काळा रंग माझ्या बाहीवर सांडला.

तो म्हणाला, चूक त्याचीच... पण हा डाग जायचा नाही, खोक्यांवरचा रंग आहे.

तो तिथला रंगारी. पत्र्यात अक्षरं कापायची, पत्रा लाकडी खोक्यावर धरायचा आणि वरून रंगाचा बोळा फिरवायचा. जाड, ठसठशीत, लांबूनही वाचता येतील अशी अक्षरं. गोदामाच्या कंपनीला संगणकासाठी तशाच अक्षरांचा फॉन्ट हवा होता, म्हणून आमच्या डिझाइन ऑफिसने मला अक्षरांची मापं घ्यायला पाठवलं होतं.

शून्य असं दोन जागी तुटलेलं का, मी विचारलं.

"मध्ये पट्ट्या ठेवल्या नाहीत तर शून्याचं पोट गळून पडतं," तो म्हणाला. पट्ट्या न ठेवता त्याने एक कापूनच दाखवलं, आणि पडलेली चकती माझ्या तळहातावर ठेवली.

"शून्य भेट देताय?"

"सध्या तेवढंच आहे."

तीन महिने मी जात राहिले. मापं कधीच घेऊन झाली होती, हे त्यालाही माहीत होतं. मी काढलेली अक्षरं बघायला वहीत डोकावताना त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा, आणि दोघंही हलायचो नाही... तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही. तुझ्या ओढणीला टर्पेंटाइनचा वास येतो म्हणून ताई चिडवायची. अक्षर अजून जाड कर, तो सांगायचा, धुक्यात माल भरताना ड्रायव्हरला दिसलं पाहिजे. मी जाड करायची.

अक्षरं पसंत पडली. मग गोदामाच्या मॅनेजरसाहेबांनी मला आनंदाने सांगितलं की खोक्यांवर ती छापणारं यंत्र आलंय, आता रंगाऱ्याची गरज नाही.

मी धावत गेले. त्याला आधीच कळलं होतं. तो ब्रश धूत होता. मी अक्षरं परत घेईन म्हणाले, तर तो नुसता हसला. करारावर सह्या झाल्या होत्या. तो मोठ्या भावाकडे निघाला होता, टायरच्या दुकानात.

"मी येते तुझ्याबरोबर."

त्याने ब्रश पुसून डब्यात ठेवला.

"आवडतेस तू मला," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "पण रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकमधल्या खोक्यांवर ती अक्षरं दिसणार. आज मला तुझा राग येत नाही. एखाद्या दिवशी येईल... त्याआधी जाऊ दे मला."

मागच्या फाटकातून तो गेला, वळून न बघता.

सोमवारी ऑफिसात सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. आमचे साहेब म्हणाले की आणखी दोन गोदामांना हीच अक्षरं हवीत, थोडे बदल करून. त्या गोदामांतही कुणीतरी पत्रा कापत बसलेलं असणार...

जमेल ना, त्यांनी विचारलं.

जमेल, मी म्हणाले.