वीतभर दोरी

हेल्मेट घालून स्कूटर चालवणारी माणसं गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात शोधली तर सापडतील. पण हेल्मेट घालून मोटारगाडी चालवणारा माणूस मी त्या सकाळी पहिल्यांदाच पाहिला.

मार्च सुरू झाला होता. दुकानापुढे एका टिप्परची नवी काच पुसून होत आली होती, तेवढ्यात ती गाडी वळणावरून आली. अळशीच्या फुलासारखी निळी. दोनच दारं, लांब नाक, आणि मागे हळूच उतरत गेलेलं छत. समोरची काच मात्र नव्हतीच. नुसती मोकळी चौकट, आणि तिच्याआड काळं हेल्मेट घातलेला ड्रायव्हर! गाडी माझ्यापुढे येऊन थांबली, हेल्मेट निघालं, आणि आतून धुळीने माखलेला एक चेहरा माझ्याकडे पाहून हसला. पापण्यांवरसुद्धा धूळ होती.

"ताई, मिस्त्री कुठी हायेत?"

"मीच मिस्त्री. बोला."

त्याने दुकानाच्या पाटीकडे पाहिलं, मग खुर्चीवर बसलेल्या बाबांकडे. पाटीवर बाबांचंच नाव आहे, देवीदास. बाबांनी डावा हात हलवला. "तिलेच दाखव बाबू. काचेनं नस कापली तवापासून माहा उजवा हात कामाचा नाही राहिला. मी आता नुसता तोंडानं काम करतो."

"माफ करा," तो मला म्हणाला, आणि त्यानंतर त्याने मला एकदाही ताई म्हटलं नाही. हे माझ्या लक्षात आलं, एवढंच सांगते.

मी गाडीत डोकावले आणि तिथेच थबकले. आतल्या सीटवर, खाली पायांशी, स्टिअरिंगच्या खाचेत, सगळीकडे मोहाची फुलं! टपोरी, पिवळसर, दमट. त्या गोड वासाने माझं डोकं हलकं झालं.

"मोहाखाली उभी होती," तो म्हणाला. "वानरानं फांदीवरून थेट काचेवर उडी मारली. काचेची सारी चुरी झाली. ते मी झाडली. मंग रातभर ही फुलं पडत राहिली..."

"मग फुलं काऊन नाही झाडली?"

"झाडाचं मनच झालं नाही." तो जरा ओशाळला. "तुमी पाह्यलं असतं तर तुमीही झाडलं नसतं."

मी सहजासहजी चकित होणारी मुलगी नाही. काचेच्या धंद्यात चकित झालं की बोट कापतं. पण त्या सकाळी मी त्या गाडीकडे पाहत राहिले ती राहिलेच.

त्याचं नाव अश्विन. दरेकसा स्टेशनवर पॉइंट्समन, म्हणजे रूळ बदलणारा, गाड्यांना झेंडी दाखवणारा. ही गाडी रेल्वेतल्या एका डॉक्टरसाहेबांची. त्यांनी रिटायर होताना भंगारात काढली, ती यानं उचलली.

"कूपे म्हणतात हिले," तो सांगत होता. "मी लहान होतो तवा ही फाटकापाशी उभी राहे. मालगाडी जाईपर्यंत आमी पोट्टे हिच्याभोवती. कोणी हात नाही लावे. नुसते पाहत राहू. वाटे, अशी वस्तू माणसानं बनवलीच कशी!"

सांगताना तो पुन्हा त्या फाटकापाशी पोचला होता. मोठी माणसं असं उघडपणे बोलत नाहीत, आमच्या गोंदियात तर नाहीतच. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"घाई हाये का?" बाबांनी विचारलं.

"महिनाअखेरच्या रविवारच्या आत पाह्यजे जी." त्याचे कान लाल झाले. "आईनं देवरीले... पोरगी पाहाले जाण्याचं ठरवलं हाये. गाडीनंच जाऊ म्हणते."

"अरे वा! मग तर बसवूनच देऊ," मी म्हणाले. "नाहीतर पोरगी म्हणेल, हेल्मेटातलं तोंड तरी दाखवा आधी!"

तो मोकळेपणी हसला. मीही हसले. तेव्हा मला काय ठाऊक, ही थट्टा मलाच बोचणार आहे.

सरळ काच आम्ही कापून देतो, पण ही वाकलेली होती, दोन्ही कडांना गोल वळलेली. ती कापून होत नाही, तशीच मिळावी लागते. नागपूरला विचारलं, नाही. रायपूरला, नाही. शेवटी कोलकात्याच्या एका जुन्या माणसाकडे एक निघाली. एकच. "दुसरी मागू नका," त्याने फोनवर बजावलं, "ही फुटली तर गाडीवर पत्रा ठोका."

काच येईपर्यंत गाडी आमच्या अंगणात राहिली. आणि अश्विन सुट्टी मिळाली की लोकलने येत राहिला. चौकटीचा गंज घासायचा होता, रंग लावायचा होता, जुनं रबर पाहायचं होतं. खरं सांगायचं तर यातलं कुठलंच काम त्याच्यावाचून अडलं नव्हतं.

"एवढं कायले घासून राहिल्या? वरून रबरच तर बसन."

"गंज रबराखालीच वाढतो. दिसत नाही म्हणून सोडायचं का?"

तो घासायचा थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला.

"काय झालं?"

"काही नाही... माह्या स्टेशनातून दिवसभर गाड्या जातात. कोणाले तरी कुठी तरी जायाचंच असते. एका जागी बसून एवढं मन लावून काम करणारं माणूस मी पह्यल्यांदा पाह्यलं."

"बोलण्यात गंज नाही तुमच्या," मी म्हणाले आणि तोंड फिरवलं. कारण माझेही कान लाल झाले होते, आणि ते त्याला दाखवायची माझी तयारी नव्हती.

त्याची आई रुक्माबाई रोज फोन करायची. कोणता शर्ट घालशील, केस कापलेस का. एकदा त्याने फोन ठेवून मलाच विचारलं, "पांढरा शर्ट घालू, का निळा?"

"हेल्मेट घाला," मी म्हणाले.

या वेळी तो हसला नाही, आणि मीही नाही. त्या रात्री मी स्वतःशी कबूल केलं. रश्मीबाई, तुम्ही जिच्यासाठी जीव ओतून काम करताय, ती गाडी त्याला दुसऱ्या मुलीच्या दारात नेणार आहे. काच बसली की तो देवरीला जाणार, तिथे ठरलं की इथे यायचं कारण संपणार. आणि काच तर मीच बसवणार होते... माझ्याच हातांनी.

वाईट काम करावं, असं मात्र एकदाही मनात आलं नाही. काच ती काच.

काच आली त्या दिवशी मी गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवर उभी होते. फोन वाजला. अश्विन धापा टाकत होता.

"आता गेली!"

"काय गेली?"

"आपली काच! पार्सलचा डबा आताच माह्यापुढून गेला. मी हिरवी झेंडी दाखवली. रोजच दाखवतो... पण आज वाटलं, तुमच्याकडं पाठवून राहिलो. नीट उतरवून घ्या."

फोन ठेवला तरी मी तशीच उभी राहिले. तिकडे डोंगरात, सालवृक्षांच्या जंगलाशी टेकलेल्या लहानशा स्टेशनात, एक माणूस हिरवी झेंडी धरून उभा होता. ती झेंडी पाहून निघालेली अख्खी गाडी, डबेच्या डबे, शेकडो माणसं, सगळं आता माझ्याकडे येत होतं. इतकी वर्षं या प्लॅटफॉर्मवर गाड्या पाहिल्या, पण कुणीतरी माझ्यासाठी पाठवलेली गाडी मी पहिल्यांदा पाहणार होते. इंजिन दिसलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

ई-रिक्षात खोका मांडीशी धरून मी घरी आणला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अश्विनपुढे तो उघडला. पेंढा बाजूला केला, आणि काच उभी केली. अंगणातलं कडुलिंबाचं झाड, वरचे ढग, उडणारा एक बगळा, सगळं तिच्यात वाकून मावलं होतं. शेजारच्या सुशिलाबाई कुंपणाशी आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "माय वं! आभाळच आणलंस का वं पोरी?"

अश्विन काचेकडे पाहत नव्हता, काचेतल्या माझ्याकडे पाहत होता. मी पाहिलं, त्याने पाहिलं की मी पाहिलं... आणि मी घाईने साबणाचं पाणी करायला पळाले.

"आतून एक माणूस लागतो," मी परत येऊन कामाच्या आवाजात सांगितलं. "काचेच्या कडेनं रबर चढवलं आहे. रबराच्या आतल्या खाचेत ही दोरी फिरवली आहे. तुमी आत बसा. मी बाहेरून काच दाबीन, तुमी दोरी ओढा. दोरी निघेल तसं रबर चौकटीवर चढत जाईल. खालून सुरू करायचं, वर संपवायचं. हिसका दिला तर काच तडकेल. आणि ही एकच आहे."

"मले भेव लागून राहिलं."

"मलापण. बसा."

तो आत बसला. मी बाहेरून दोन्ही तळवे काचेवर टेकले. आमच्यात आता फक्त ती काच होती. एवढ्या जवळून मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. डाव्या भुवईत एक जुना व्रण होता, आणि भीतीने त्याने खालचा ओठ दातात धरला होता.

"ओढा... हळू... आणखी."

खालची कड बसली. रबर ओल्या आवाजात चौकटीवर चढत होतं. माझे तळवे सरकत होते, त्याची दोरी सरकत होती. मी डावीकडे गेले की त्याचे डोळे डावीकडे यायचे. मी नुसती मान हलवायचे आणि तो तेवढंच ओढायचा, ना कमी ना जास्त. बाबांबरोबर इतकी वर्षं काम करूनही मला शब्द लागायचे. इथे शब्द लागतच नव्हते! दोन माणसांचे चार हात एकाच शरीराचे असल्यासारखे चालू शकतात, हे मला माहीतच नव्हतं. कोपरे बसले. बाजू बसल्या. वरची कडही बसत आली, मधोमध फक्त वीतभर राहिली.

आणि अश्विन थांबला.

"काऊन थांबले? ओढा."

त्याने दोरी ओढली नाही. उघड्या दारातून त्याचा आवाज आला, अगदी हळू.

"ओढली का काच बसते. काच बसली का उद्या देवरीले जाणं आलं."

माझे हात काचेवर होते. काढता येत नव्हते आणि पळताही येत नव्हतं.

"मग?" मी म्हणाले.

"मले देवरीले नाही जायाचं, रश्मी. मले इथंच यायचं हाये. काच नसली तरी... गाडी नसली तरी. लोकलनं येईन. पण तुमचं मन मले माहीत नाही. म्हणून हे एवढं राह्यलं... हे ओढाले हात होऊन नाही राहिला."

सगळं अंगण थांबल्यासारखं वाटलं. माझ्या छातीत इतकं मोठं काहीतरी उघडत होतं की मला भीती वाटली, एवढं आपल्यात मावणार कसं? ज्याची मी महिनाभर धास्ती घेतली होती, ते त्या माणसानं एका दोरीने थांबवून धरलं होतं.

मागून बाबांचा आवाज आला. "साबण सुकून राहिला वं रश्मे. रबर चिकटन. जे बोलायचं ते लवकर बोला."

मी काचेतून सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"उद्या गाडी काढा," मी म्हणाले. "आईंना पुढे बसवा. पांढरा शर्ट घाला, निळा गाडीतच लपून जाईल. पण देवरीच्या रस्त्याला वळू नका. देवरीवाल्यांना आजच फोन करा, बिचाऱ्यांनी पोहे करून वाट पाहायला नको. आणि... कुडव्याले या."

"आईले काय सांगू?"

"सांगा, पोरगी पाहाले चाललो."

तो बघतच राहिला. लहानपणी फाटकापाशी त्या निळ्या गाडीपुढे उभा असेल ना, अगदी तसा. डोळे भरून आलेले, तोंड अर्धं उघडं. कुणीतरी माझ्याकडे असं पाहील, हे मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"आता तरी ओढा न!" मी ओरडले.

त्याने दोरी ओढली. उरलेली वीतभर, एकदम सारखी, हिसका न देता. रबर चढलं, दोरीचं टोक त्याच्या हातात आलं आणि काच आपल्या जागी बसली. मी तिच्यावरून नजर फिरवली. कुठे तडा नाही, कुठे फट नाही. आणि मी, जिनं आजवर एवढ्या काचा बसवल्या, ती रडू लागले.

अश्विनने आतून हात वर केले आणि काचेवर टेकवले, बरोबर माझ्या तळव्यांसमोर.

"बसली काच," बाबा म्हणाले. "आता काढा हात दोघं बी. सुशिलाबाई पाहून राहिली."

"पाहू द्या," मी म्हणाले.