वाट्याला आलेलं रडू

कोंढवळ नगरपरिषदेच्या शाळेत आता कोणी एकटं रडत नसे. चार्वी खोतच्या पोटात भीतीचा गोळा उठला, की अख्ख्या सहावीच्या पोटात चिमूटभर कालवाकालव व्हायची आणि गणिताचा तास पुढे चालू राहायचा.

याला ‘सहभार’ म्हणत. प्रत्येक मुलाच्या कानामागे तांदळाएवढा ठिपका बसवलेला. भीती किंवा दुःख मेंदूत उसळलं, की त्याची ठरावीक विद्युतलहर उठते. वर्गातल्या सर्वांत नाजूक मुलाचा ठिपका ती टिपायचा, तिथल्या तिथे दाबायचा आणि बाकीच्यांच्या ठिपक्यांकडे, ती मुलं गावात कुठेही असोत, थोडी थोडी पाठवून द्यायचा. दुःख वाटल्याने कमी होतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय ना? शिक्षण समितीने नुसतं ऐकलं नाही, त्याचा ठरावच करून टाकला!

खरं सांगायचं तर फायदा झाला. सहावीतलं ते नाजूक मूल म्हणजे चार्वी. साध्या घंटेने थिजणारी, एकदा तर श्वास अडकून निळी पडलेली पोर. आधी इतर शाळांनी तिला गोड बोलून परत पाठवलेलं. आता ती स्नेहसंमेलनात नाचायची. तिला कोणी चिडवतही नसे. कशाला चिडवतील? तिला टोचलं तर आपल्यालाच टोचायचं.

पण आज तिचे बाबा गेले होते.

प्रसन्न खोत समुद्रातल्या पवनचक्क्यांची दुरुस्ती करायचा. सकाळी शिडीवरून पडला, तो गेलाच. त्याला घेऊन रुग्णवाहिका घराच्या वाटेवर होती. चार्वी शाळेत होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिची आई शर्वरी या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत होती. बसली असती तर कोसळली असती.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारची अनघा सावर्डेकर पिठलंभात घेऊन आली. तिची मुलगी जुई चार्वीच्याच वर्गात होती. अनघाने पातेलं ओट्यावर ठेवलं, शर्वरीला जवळ घेतलं, मनापासून रडली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “शर्वरी, राग मानू नकोस हं. उद्या पोरांची स्कॉलरशिपची परीक्षा आहे. चार्वीला आज तुझ्या बहिणीकडे पाठव ना. परीक्षा झाली की सावकाश सांग.”

“आणि बाबांचं तोंड? ते कधी बघेल ती?”

अनघाने पातेल्यावरचं झाकण सारखं केलं. तिचंही काय चुकलं म्हणा! आई होती तीही.

शर्वरीने ठिपका बनवणाऱ्या डॉ. विभावरी टिल्लूंना बोलावून घेतलं होतं. त्या आल्या तेव्हा शर्वरी दारातच म्हणाली, “तिच्या कानामागचं ते काढा. आत्ताच्या आत्ता. आपल्या बापासाठी तिला नीट रडू दे.”

“काढता येईल,” डॉक्टर म्हणाल्या. “पण शर्वरीताई, तिने इतकी वर्षं वजन उचललेलंच नाही. हळूहळू सवय करावी लागते, महिने जातात. आज एकदम एवढं अंगावर आलं तर ती थिजेल. परत येईल याची हमी मी देऊ शकत नाही.”

“आणि ठिपका ठेवून सांगितलं तर?”

“तिला झेपेल.”

“बाकीच्या पोरांना?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “आम्ही परीक्षेची भीती मोजली होती. अंधाराची, कुत्र्याची. आईबाप गेल्याचं दुःख वाटून पाहिलं नव्हतं कधी. वाटा लहान असतो हो, पण ज्याच्यापर्यंत पोचतो त्याला त्यात स्वतःचे बाबा दिसायला लागले, तर तो लहान राहत नाही. हा हिशेब चुकला आमचा.”

अनघाने शर्वरीचा हात धरला. “नको गं सांगूस. माझी जुई आधीच हळवी आहे.”

शर्वरीला तिची दया आली आणि संतापही आला. “लोकांची मुलं रडतील म्हणून माझ्या मुलीने बापाला चोरून जाळू द्यायचं? नाही जमणार मला, अनघा.”

शाळा सुटली. चार्वी आली तेव्हा प्रसन्न पुढच्या खोलीत सतरंजीवर होता. शर्वरीने तिला पोटाशी धरलं आणि सांगितलं. सरळ सांगितलं, बाबा गेले.

चार्वी बाबांजवळ जाऊन बसली. मग सांगितल्याप्रमाणे तिने बाबांच्या ओठांवर तुळशीपत्र ठेवलं, चमच्याने पाणी घातलं, ओघळलेलं रुमालाने टिपलं. रुमालाची नीट घडी घातली. शर्वरी तिच्या डोळ्यांकडे आशेने बघत होती. एक थेंब, पोरी, एक तरी!

तेवढ्यात बाहेर गलका झाला. गल्लीत, पलीकडच्या चाळीत, कोपऱ्यावरच्या बंगल्यात पोरं हंबरडे फोडत होती. बायका ओरडत होत्या, “काय झालं रे? अरे, कुठे दुखतंय?” जुई अनवाणी धावत आली, आईला ढकलून आत घुसली आणि प्रसन्नच्या छातीवर पडून “बाबा, बाबा” करत ऊर फुटेस्तोवर रडू लागली.

शर्वरीने तिला उचलून कुशीत घेतलं. सकाळपासून अडकलेलं तिचं स्वतःचं रडू तेव्हा कुठे फुटलं. नवऱ्यासाठी आपल्यासोबत रडणारं कोणीतरी तिला मिळालं होतं, पण ते शेजारणीचं पोर होतं.

चार्वी आतून पाण्याचा पेला घेऊन आली. जुईच्या पाठीवर तिने समजूतदारपणे हात ठेवला.

“अगं, तू का रडतेस एवढी?” ती म्हणाली. “बाबा तर माझे गेलेत.”