थोरल्यांच्या वाटचा सूर

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर धाकटे बँडच्या खोलीची किल्ली घेऊन निघाले. काम साधंच होतं. पुढच्या रविवारच्या कार्यक्रमाचे कागद स्टँडवर लावायचे आणि जमलं तर शेवटचा भाग एकदा वाजवून बघायचा. सोबत पुतणी होती. काकांना जिना चढताना धाप लागते म्हणून ती आली होती. तोंडाने मात्र आपल्याला स्वरलिपी उतरवून घ्यायची आहे असं सांगत होती.

धाकटे म्हणजे वय वर्षं अडुसष्ट. पण बँडमध्ये माणूस एकदा धाकटा ठरला की ठरला. थोरला भाऊ त्याच बँडमध्ये ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीचं पितळी वाद्य, वाजवायचा आणि हेही तेच, त्यामुळे ते थोरले आणि हे धाकटे. एकेचाळीस वर्षं दोघं शेजारी बसले. एकट्याने वाजवायचा भाग आला की धाकटे उभे राहायचे, टाळ्या त्यांना मिळायच्या, आणि थोरले खाली बसून त्यांच्याकडे असे बघायचे, जणू पोराने आज स्वतःच्या बुटाची नाडी स्वतः बांधलीय. धाकट्यांच्या हाताखाली दीडशे-दोनशे जण तयार झाले. त्या सगळ्यांना त्यांनी घोटवलेला पहिला नियम मात्र थोरल्यांचा होता: शेजाऱ्याने सूर उचलल्याशिवाय आपण सोडायचा नाही.

लोकांना वाटतं, लांबलचक सूर एकच माणूस धरतो. तसं नसतं हो. एकाचा दम संपत येतो तेव्हा शेजारी सूर धरून असतो. पहिला गुपचूप श्वास घेतो आणि परत येतो. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. धाकट्यांच्या श्वासाची जागा कागदावर पेन्सिलीच्या फुलीने दाखवलेली असायची, थोरल्यांची टिंबाने. त्यांच्या सगळ्यांत गाजलेल्या रचनेच्या शेवटी बाकी वाद्यांच्या तळाशी या दोघांचा एकच खालचा सूर दोन मिनिटं चालायचा, आणि एवढ्या वर्षांत तो एकदाही तुटला नव्हता.

तीन महिन्यांपूर्वी थोरले गेले. दवाखान्यात नाकाला नळी लावलेली असताना त्यांनी भावाचा हात धरून एवढंच मागितलं होतं, "शेवट तुटू देऊ नकोस." धाकट्यांनी शब्द दिला. तेव्हा त्यांना स्वतःच्या छातीचा भरवसा होता. मग त्यांनाच न्यूमोनियाने गाठलं, आणि उठले तेव्हा दहा मात्रांपलीकडे दम पुरेनासा झाला होता. पुढच्या रविवारी थोरल्यांच्या आठवणीत तीच रचना वाजायची होती. थोरल्यांच्या जागी पुतणीला बसवू, असं बँडमास्तरांनी सुचवून पाहिलं. तिला काकांनीच शिकवलं होतं, हात उत्तम होता. पण ती म्हणाली, "बाबांच्या खुर्चीत मी नाही बसणार." मग असं ठरलं की खुर्ची रिकामी ठेवायची, तिच्यावर थोरल्यांचा ट्रॉम्बोन आडवा ठेवायचा, आणि शेवट धाकट्यांनी एकट्याने निभवायचा. हे जमणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. धाकट्यांनाही.

बँडची खोली आठवडाभर बंद होती. आत तेलाचा आणि पितळेचा उग्र वास कोंडला होता. भिंतींना जाड कापड लावलेलं असल्यामुळे तिथे आवाज घुमत नसे. टाळी वाजवली तरी ती जागच्या जागी मरायची. पुतणी पाठमोरी बसून लिहायला लागली. धाकट्यांनी थोरल्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून सूर लावला. सात मात्रा झाल्या, आठ झाल्या… फुली आली. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्यांनी तोंड बाजूला घेतलं.

सूर थांबला नाही.

डावीकडून येत होता तो, रिकाम्या खुर्चीच्या उंचीवरून. भरदार, थोडासा दबका. धाकट्यांचे हात गार पडले. पण एकेचाळीस वर्षांची सवय भीतीला जुमानत नाही. छाती भरली तशी त्यांनी वाद्य पुन्हा ओठांना लावलं आणि त्या सुरात आपला सूर मिसळला. मग टिंब आलं. डावीकडचा सूर विरला, आणि खुर्चीतून कुणीतरी खोल श्वास घेतला… बारीक शीळ वाजावी तसा. थोरल्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती, त्यांचा श्वास कायम असाच वाजायचा.

पुतणीचं पेन थांबलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"काका… आत्ता श्वास कुणी घेतला?"

 धाकटे वाजवत होते. फुलीला फुली आणि टिंबाला टिंब मिळत, दोन मिनिटांचा तो सूर त्यांनी शेवटपर्यंत नेला. नंतर काकांना हाताला धरून पुतणीने जिना उतरवला. धाकट्यांना भीती वाटायला हवी होती, पण त्यांना फार लहान झाल्यासारखं वाटत होतं, खूप मोठ्या दारासमोर उभं राहिल्यासारखं. घराशी आल्यावर ते हळूच म्हणाले, "दादा एकही जागा चुकला नाही गं."

पुढच्या रविवारी दुपारी चारला सभागृह भरलं. शेवटचा सूर सुरू झाला, पहिली फुली आली, आणि धाकट्यांनी वाद्य खाली घेताच डावीकडच्या सुराने भार उचलला. पुढच्या रांगेतल्या वादकांच्या माना ताठ झाल्या, पण कुणी वाजवायचं थांबलं नाही. टिंब जवळ आलं. धाकट्यांनी आता आपली पाळी म्हणून छाती भरून तयारी ठेवली.

डावीकडे कुणी श्वास घेतलाच नाही. दुसऱ्या टिंबालाही नाही. तिसऱ्यालाही नाही.

धाकट्यांच्या लक्षात आलं. मागच्या रविवारी दादाने श्वास घेतला तो सवयीने घेतला होता. आता ती सवय सुटली होती.

बँडमास्तरांनी हवेत मूठ आवळली. सगळी वाद्यं थांबली, धाकटेही थांबले. तो सूर थांबला नाही. अजून बाकी आहे असं समजून लोक टाळ्या न वाजवता बसून राहिले. अर्धं मिनिट गेलं, मग एक. बँडमास्तरांची मूठ वरच होती. खुर्चीवर आडव्या पडलेल्या ट्रॉम्बोनला कुणाचाही हात लागलेला नव्हता. धाकट्यांचे डोळे भरून आले. एवढं अफाट काहीतरी या साध्या लाकडी खुर्च्यांच्या सभागृहात चाललं होतं, आणि ते करणारा आपला सख्खा भाऊ होता. तो कशाची वाट बघतोय, तेही त्यांना कळलं. त्याच्या वाटचा सूर अजून कुणी उचललाच नव्हता.

पुतणी प्रेक्षकांत पहिल्याच रांगेत बसली होती. धाकटे मंचाच्या कडेपर्यंत गेले.

"बाळ… त्याला सोडता येत नाहीये. तुलाच घ्यावा लागेल."

ती उठली. पायऱ्या चढून आली, वडिलांचा ट्रॉम्बोन उचलला आणि खुर्चीत बसली. तिने ओठ लावले. क्षणभर एकाच वाद्यातून दोन सूर ऐकू आले. मग त्यांतला एक बारीक होत गेला, आणि तिचा एकटीचा उरला. चार मात्रा तिने तो धरला, काकांनी मान हलवली, तेव्हा सोडला. सूर तुटला नव्हता. टाळ्या फार उशिरा सुरू झाल्या.

मागच्या खोलीत आल्यावर दोघं वाद्यं पुसायला बसली. वाजवताना श्वासाची वाफ नळीत साठून तिचं पाणी होतं. स्लाइडच्या, म्हणजे सरकत्या नळीच्या, टोकाची किल्ली दाबून ते जमिनीवर सोडायचं असतं. तासभर वाजवलं तर चमचाभर निघतं, चार मात्रांत तर थेंबही नाही. पुतणीने आपली शिस्त म्हणून किल्ली दाबली.

पाण्याची धार लागली. ती थांबेना. फरशीवर पसरत पाणी खुर्चीच्या पायांपर्यंत गेलं, तिथून धाकट्यांच्या बुटांपर्यंत आलं.

"काका, मी चारच मात्रा वाजवल्या…"

धाकट्यांनी खाली वाकून बोटं बुडवली. पाणी कोमट होतं, आत्ताच सोडलेल्या श्वासासारखं, आणि अजून येतच होतं.