ताकातली पांढरी भुकटी

"मी मृत्यूला भीत नाही!" विश्वासरावांनी गर्जना केली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ते सोफ्यामागे गेले.

पुढची तक्रार त्यांनी तिथूनच सांगितली. "घरातलं कुणीतरी मला विष घालतंय. ताकाच्या तळाशी पांढरी भुकटी सापडली. परवापासून छातीत धडधड."

खाजगी गुप्तहेर श्रीविद्याने त्यांची नाडी धरली. तीन ठोके. मग काहीच नाही. मग घाईघाईने दोन.

"बिंदुमाधव, अॅम्ब्युलन्स!"

तिचा मदतनीस बिंदुमाधव फोन करून आला, पांढराफटक. "कोरमंगलाच्या सिग्नलला अडकलीय. वीस मिनिटं म्हणतात."

"मग वीस मिनिटांत विष शोधायचं. नाहीतर डॉक्टर उतारा कशावर देणार?"

विश्वासराव तिसरा तांब्या रिकामा करत होते. डावं मनगट प्लास्टरमध्ये होतं.

"फार तहान लागते, अण्णा?"

"घसा कोरडाच. चार दिवस पोटही साफ नाही." त्यांनी तोंडात पान कोंबलं. "हे आठवं. चुना स्वल्प जास्तच लावतो. तेवढंच सुख."

"हाताची औषधं?"

"महिन्यापूर्वी पडलो तेव्हा डॉक्टरनं दिली. घरात सांगून टाकलं, मरेन पण औषध घेणार नाही!"

ताक त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीअक्का करत. श्रीविद्याने स्वयंपाकघरातली सुक्या कचऱ्याची पिशवी उचलताच त्यांनी ती ओढून घेतली. सात रिकाम्या पुड्या फरशीवर पडल्या.

"ही पिशवी कधी रिकामी होते, अक्का?"

"गाडी आठवड्यातून एकदाच येते," अक्का पुटपुटल्या.

सून शिवानी नाचणीची अंबील करत होती. शेजारच्या खलबत्त्याच्या कडेला पांढरं काही चिकटलं होतं.

"काय कुटलंस?"

"वेलदोडे."

श्रीविद्याने खलबत्ता हुंगला. कसलाच वास नव्हता.

"दोघींचा कट!" बिंदुमाधव ओरडला.

"कट असता तर बरं झालं असतं. दोघी एकमेकींशी बोलल्या तरी असत्या." श्रीविद्याने सगळ्यांना बसवलं. "अण्णा औषध घेणार नाहीत, मग ते लपवूनच द्यायला हवं. अक्का, या पुड्या ड जीवनसत्त्वाच्या. आठवड्याला एक. तुम्ही रोज दिलीत."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. "लवकर बरे व्हावेत म्हणून."

"आणि शिवानी, वेलदोड्यांना वास असतो. कॅल्शियमच्या गोळ्या ना?"

"रोज चार, अंबिलीत," शिवानी रडू लागली. "मला वाटलं, आई विसरतात."

"वर आठ पानांचा चुना. तोही कॅल्शियमच. पुड्यांमुळे आतडी ते सगळं ओढून घेतात. म्हणून ही तहान, म्हणून पोट जड."

"पण हृदयाला काय?" विश्वासरावांचा आवाज चिरकला.

"हृदयाच्या पेशीत कॅल्शियम शिरलं की ती आवळते, उपसलं की सैल पडते. ते उपसता उपसेना की पेशीला सैल पडायला फुरसतच नाही. आवळून आवळून दमते, मग मरते. मेलेली सहसा परत उगवत नाही."

बाहेर अॅम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला.

"मग गुन्हेगार किती?" बिंदुमाधवने वही काढली.

"तीन. त्यातला एक स्ट्रेचरवर चढतोय."

विश्वासरावांनी अक्कांचा हात सोडला नाही. "भीती वाटते गं," ते प्रथमच हळू बोलले. "आता द्याल ते गिळीन. सरी, ठीक ना? फक्त एक..."

"काय हवं?" अक्का वाकल्या.

"एक पान लावून दे. चुन्याशिवाय."