डाव्या सीटवरची धूळ

हे घडले आहे. ज्यांना करमणूक हवी असेल त्यांनी ते खुशाल कथा म्हणून वाचावे. पण ती गाडी आजही भिलाईच्या हुडको वसाहतीत एका घरासमोर उभी आहे, आणि ज्या माणसावर ही वेळ आली त्याने भूत या शब्दाला आयुष्यात कधी भीक घातली नव्हती.

वेळ डिसेंबरातल्या एका पहाटेची. धुके इतके दाट होते की समोरच्या घराचे फाटकही दिसत नव्हते.

त्या पहाटे प्रेमानंद मेश्रामने आपल्या सख्ख्या बहिणीला एक अगदी साधी गोष्ट करायला सांगितली.

काचेवर फुंकर मार.

बस... एवढेच.

पण आधीचे आधी सांगितले पाहिजे.

प्रेमानंद रसमडाच्या एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहे. पोलादाचे नमुने तपासायचे आणि त्यात काय किती आहे ते सांगायचे, हे त्याचे काम. घराणे मूळचे भंडाऱ्याकडचे. आजोबा मजुरीसाठी भिलाईला आले आणि इथलेच झाले. घरात दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि बावीस प्रतिज्ञा. त्यामुळे या घरात पिंड नाही, श्राद्ध नाही, अंगारा-उतारा तर नाहीच नाही. माणूस गेला की पुण्यानुमोदनाला वंदना म्हणायची, चार लोकांना जेवू घालायचे आणि कामाला लागायचे.

लग्न त्याने केले नाही. रविवारी तो गाड्या साफ करी. स्वतःची, शेजाऱ्यांची, कोणाचीही. पाण्याचा फवारा मारून मोकळे होणे याला तो साफ करणे म्हणत नसे. एसीच्या जाळीतली धूळ रंगाच्या कुंचल्याने काढणे, सीटच्या शिवणीतला मळ वाफेने सोडवणे, काच आतून दोनदा पुसून तिच्यावर विजेरीचा तिरपा झोत टाकून एकही ठसा उरला नाही ना ते पाहणे... याला तो साफ करणे म्हणे.

"प्रेमानंद भाई, गाडी धो रहे हो कि दुल्हन सजा रहे हो?" शेजारचा तेजराम कुंपणावरून विचारी.

"सजवू दे रे तेजराम," प्रेमानंदची आई, भीमाबाई, आतून म्हणत. "माह्या नशिबात ह्याच सुना हायेत. चार चाकाच्या."

ऑक्टोबरात भीमाबाईंचा जावई गेला. धम्मपाल त्याचे नाव. रेल्वेत होता, चरोद्याच्या क्वार्टरमध्ये राही. अशोक विजयादशमीला नवरा-बायको दीक्षाभूमीला निघाले होते. धम्मपाल पांढऱ्या वॅगनआरमध्ये जाऊन बसला, सीटबेल्ट लावला, आणि त्याने बायकोला हाक मारली.

"आम्रपाली, बस लवकर. निघू."

"कुलूप लावून येतो," ती म्हणाली.

ती कुलूप लावून आली. धम्मपाल स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसला होता. डोळे उघडे. श्वास नव्हता.

ती गाडीत बसलीच नाही.

पुण्यानुमोदन झाल्यावर आम्रपाली आईकडे राहायला आली. गाडीही आली. तेजराम ती विकत घ्यायला तयार होता.

"दादा, येच्यात त्याईचं काई ठेवू नको," ती म्हणाली. "वास बी नाई. मले सहन नाई होत."

"तू चिंता नको करू आमू. शोरूममधून आणली तशी करून देतो."

आणि त्याने तशी करून दिली.

भिलाईच्या हवेत लोखंडाची बारीक भुकटी असते. ती गाडीच्या रंगात रुतते आणि पाण्याने निघत नाही. तिच्यासाठी एक रसायन मिळते. ते मारले की लोहकण विरघळतात आणि त्याचा रंग जांभळा होतो. पांढऱ्या वॅगनआरवर त्याने ते मारले. थोड्या वेळात बॉनेटवरून, दारांवरून जांभळट लाल ओघळ वाहू लागले.

दारात उभ्या असलेल्या भीमाबाईंनी पदर तोंडाशी नेला. "अरे बापा... रक्त गयल्यासारखं दिसते."

"रक्त नाही माय, लोखंड. तुझ्या स्कूटीवर मारलं तरी असंच गळेल."

याला कारण होते. ते त्याला ठाऊक होते. पुढच्या गोष्टींना मात्र...

मग त्याने आतला भाग घेतला. धम्मपालला गुडाखूची सवय होती. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा बोटाने दातांना घासायचा. घरात बायको घासू देत नसे, म्हणून तो गाडीत बसून घासे. स्टिअरिंगच्या खालच्या कडेला त्याच्या बोटाचा तपकिरी ठसा कायमचा बसला होता. प्रेमानंदने तो काढला. डोके टेकण्याच्या जागेवरचा तेलाचा डाग काढला. डावीकडची आम्रपालीची जागाही सोडली नाही. तिचे केस, तिच्या गजऱ्याच्या वाळक्या पाकळ्या, दारावरचे तिच्या बांगड्यांचे ओरखडे, काचेवरचे तिचे ठसे. धम्मपाल गाडी पुढे-मागे करताना ती "हळू, हळू" म्हणत काचेवर तळवा टेकवी.

सगळे गेले.

शेवटी त्याने गालिच्यावर व्हॅक्यूम सरळ ओढला. तसे केले की लव एका बाजूला वळते आणि नांगरलेल्या शेतासारख्या रेघा उमटतात. काम संपल्याची ती त्याची सही. दारे लावली, किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी उघडली.

ड्रायव्हरची सीट मागे सरकलेली होती.

प्रेमानंद बुटका आहे. सीट तो पुढे ओढून ठेवतो. धम्मपाल उंच होता.

खटका नीट बसला नसेल, असे त्याने ठरवले. गाडीचे तोंड चढाकडे होते, सीट मागे सरकली असणार. कारण पुरेसे होते.

मग त्याने खाली पाहिले. रेघांवर... पायांचे दोन तळवे उमटले होते. ब्रेकपाशी एक, क्लचपाशी एक.

आणि वास होता. गुळाचा, तंबाखूचा. अगदी ताजा.

त्याने पुन्हा साफ केले. वास स्पंजमध्ये मुरलेला असतो, तो वर येतो. हेही त्याला ठाऊक होते. या वेळी त्याने बॅटरीची तार काढली, चारही दारे तपासली, किल्ली उशाखाली ठेवली.

सकाळी सीट मागे होती. स्टिअरिंगच्या खालच्या कडेला तपकिरी ठसा होता.

ओला.

त्याने कोणाला सांगितले नाही. पण आम्रपाली अंगण झाडत गाडीजवळून गेली आणि थबकली. खराटा तसाच हातात राहिला.

"दादा... हा वास..."

"रसायनाचा आहे."

"मले नको शिकवू. बारा वर्सं भांडली मी या वासाशी."

तो भीतीने पांढरा पडला होता. ती मात्र हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा.

तिने डावीकडचे दार उघडले आणि आत बसली.

तेजरामला गाडी द्यायची नाही, असे तिने त्याच दिवशी सांगून टाकले. मग ती रोज बसू लागली. आधी चहा घेऊन. नंतर चहाशिवाय. भीमाबाई हाका मारून थकत.

"आमू, भात निवून राहिला ना वं! काय हाय त्या डब्यात?"

"येतो ना माय. थोडं बसू दे."

येत नसे. आली तरी ताटात बोट फिरवून उठे. प्रेमानंदने तिला दवाखान्यात नेले. रक्त कमी आहे, दुःखातून बाहेर यायला वेळ लागेल, असे डॉक्टर म्हणाले. लोहाच्या गोळ्या दिल्या.

एका संध्याकाळी ती उतरून घरात गेल्यावर प्रेमानंद गाडी साफ करायला बसला. दुसरे काही सुचत नव्हते म्हणून. उजवीकडे नेहमीचे सगळे होते. तळवे, ठसा, तेलाचा डाग.

मग तो डाव्या बाजूला आला. आणि हातातले फडके तसेच राहिले.

गालिच्यावरच्या रेघा... मोडलेल्या नव्हत्या.

ती दुपारभर तिथे बसली होती. त्याने स्वतः खिडकीतून पाहिले होते. पाय वर घेऊन बसली असेल. असेलही. पण सीटच्या कापडावर सुरकुती नव्हती. केस नव्हता. त्याने विजेरी घेऊन काचेवर तिरपा झोत टाकला. दाराची कडी पाहिली, आरसा पाहिला, सीटबेल्टचा चाप पाहिला.

एकही ठसा नव्हता.

साफ केलेल्या गाडीत डाग परत येतात. माणसे बसतात, म्हणून येतात. हा नियम त्याला पाठ होता. त्याने दोघांचेही पुसले होते. परत मात्र एकाचेच येत होते.

ज्याचे यायला नको होते त्याचे.

त्या रात्री त्याने गाडीची किल्ली तेजरामच्या घरी नेऊन दिली. "कपाटात ठेव. आमू मागायला आली तरी देऊ नको."

"का होगे गा?" काय झाले, असे तेजरामने छत्तीसगढीत विचारले. प्रेमानंद तोवर फाटकाबाहेर पडला होता.

पहाटे भीमाबाईंनी त्याला हलवून उठवले. आम्रपाली अंथरुणात नव्हती. घराच्या दाराला आतून कडी तशीच होती.

तो धावत बाहेर आला. धुके. शांतता. कुत्रेही भुंकत नव्हते.

गाडीतून आवाज आला.

खट्.

सीटबेल्ट लावल्याचा.

आम्रपाली डाव्या सीटवर बसली होती. अंगावर पांढरी साडी, दीक्षाभूमीला नेसायची ठेवलेली. काचा बंद होत्या. दाराला कुलूप होते आणि किल्ली तेजरामच्या कपाटात. प्रेमानंदने दार ओढले.

ते उघडले.

"आमू, उतर. चल घरात."

"कावून?" तिने शांतपणे विचारले.

तो बोलणार होता. पण त्याचे लक्ष समोरच्या काचेकडे गेले.

थंडीत बंद गाडीत माणूस बसला की त्याच्या श्वासातली वाफ काचेवर जमते. जिवंत माणसाच्या बाबतीत याला अपवाद नाही. इथेही वाफ जमली होती.

उजव्या अर्ध्या काचेवर.

ती वाढत होती... मग थोडी आटत होती... पुन्हा वाढत होती. संथ. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

आम्रपालीच्या समोरची काच कोरडी होती. लख्ख.

प्रेमानंद वाकला. तिच्या पुढ्यातून मान घालून त्याने स्वतः त्या काचेवर श्वास सोडला. पांढरा गोल उमटला आणि हळूहळू विरला. म्हणजे काचेत दोष नव्हता. उजवीकडे त्याने पाहिले नाही. आजही तो सांगतो, मी तिकडे पाहिले नाही.

"आमू," तो म्हणाला, "काचेवर फुंकर मार."

"काय येडेपणा करून राहिला दादा?"

"मार. माझ्यासाठी मार."

लहानपणी मेणबत्ती विझवताना फुगवायची तसे तिने गाल फुगवले. पुढे वाकली. ओठ काचेला लागतील इतकी. आणि जोरात फुंकर मारली.

तिच्या समोरची काच कोरडीच राहिली.

उजवीकडे मात्र वाफेचा ढग एकदम पसरला, काठापर्यंत.

प्रेमानंदने तिचा दंड धरला आणि ओढले. ती हलली नाही. जोर करूनही नाही. बेल्ट सोडायला त्याने चाप दाबला, पुन्हा दाबला. बेल्ट सुटेना. मागे भीमाबाई येऊन उभ्या होत्या. या बाईने जन्मात कोणापुढे पदर पसरला नव्हता. तिने तो पसरला, रिकाम्या सीटसमोर.

"जावईबापू, पोरीले सोडा ना. तुमच्या पाया पडतो."

 आम्रपालीने भावाकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता.

"मी कुलूप लावून आली ना दादा," ती म्हणाली. "आता निघायचंच हाय."

ऊन वर आल्यावर ती स्वतःच उतरली. काही झालेच नाही अशी आत गेली आणि झोपली.

तेव्हापासून हे असेच चालू आहे. गाडी भंगारात द्यायला प्रेमानंद दोनदा घेऊन निघाला. दोन्ही वेळा आम्रपालीची शुद्ध हरपली आणि गाडी परत आणेपर्यंत नाडी सापडेना. आता तो नेत नाही. तपासण्यांत काही निघत नाही. सगळे ठीक आहे, डॉक्टर म्हणतात, फक्त जरा अशक्तपणा आहे.

रविवारी तेजराम कुंपणावरून डोकावतो, पण थट्टा करत नाही. प्रेमानंदने गाड्या साफ करणे सोडले आहे. रोज सकाळी तो फक्त वॅगनआरचे डावे दार उघडतो, विजेरी पेटवतो आणि तिरपा झोत टाकून पाहतो. एखादा केस. एखादा घामाचा डाग. काचेवर एखादे बोट.

त्या बाजूला तो फडके लावत नाही. चुकून काही उमटले असेल तर पुसले जायला नको.

आम्रपाली तिथे रोज बसते. कधी सकाळी, कधी दुपारभर.

आणि त्या सीटवर भिलाईची लालसर धूळ साचत चालली आहे...

सलग. कुठेही न मोडता.